तान्ह्या बाळांना मिस्सात पुढचा बाक द्या

रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, लहान मुलं रडतात, धावतात, मध्येच मोठ्याने बोलतात आणि लोकांची भक्ती मोडते, हा विषय आमच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समितीच्या, मीटिंगमध्ये परत निघाला. उपाय पण नेहमीचाच निघाला, की मागच्या दाराशी बोर्ड लावायचा, लहान बाळं असलेल्यांनी कृपया व्हरांड्यात बसावं. मी बोलले तिथे, पण मीटिंगमध्ये छताच्या गळतीपासून सणाच्या मंडपापर्यंत सगळं एका बैठकीत उरकायचं असतं, त्यामुळे नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी गायकवृंदात गाते. आमची जागा वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून, म्हणजे फादर आणि वेदीसेवक सोडले तर अख्खं चर्च समोरून दिसणारी माणसं आम्हीच. आणि तिथून वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं. पुढचे दोन-तीन बाक जवळपास रिकामे, आणि बाळवाल्या आया सगळ्यात मागे, दाराला चिकटून, अर्धं लक्ष वेदीकडे आणि अर्धं बाळाच्या तोंडाकडे, आता रडेल का मग रडेल. जरा कुरकुर झाली की उठून बाहेर. आणि एकदा बाहेर गेलेली आई सहसा परत आत येत नाही, कारण परत आत यायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरा झेलत यायचं, त्यापेक्षा ती तिथेच खांबाला टेकून उभी राहते, कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या वेळी कुणीतरी बाळ धरलं तर रांगेत येते, नाहीतर तेही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते रिकामे पुढचे बाक या बाळांना आणि त्यांच्या आईबापांना द्या.

का ते सांगते. मागे बसलेल्या दोन-अडीच वर्षांच्या पोराला काय दिसतं ते एकदा गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीवरून बघा. समोरच्या बाकाची पाठ, त्याच्यावर अडकवलेली पर्स, कुणाच्या तरी आजीचं लाल लुगडं, पॅंटच्या मागच्या खिशातलं पाकीट. वरून पंख्याचा आवाज, स्पीकरमधून घुमणारा मोठा आवाज, पण बोलणारा माणूस कुठेच दिसत नाही. त्याने काय करायचं तासभर? मग तो गुडघे टेकायची फळी खाली-वर करतो, धाड, धाड, आणि सगळे वळून बघतात. तेच पोर पुढे बसलं की त्याला मेणबत्त्या दिसतात, वेदीसेवकांमध्ये शेजारचा दादा झग्यात उभा दिसतो, धूपदानीतून धूर वर जाताना दिसतो, घंटी कुणी वाजवली ते दिसतं. आमच्याकडे एक मुलगी आहे, अजून शाळेत पण जात नाही, तिची आजी तिला कायम पहिल्या बाकावर घेऊन बसते. फादर पाव आणि द्राक्षारस पवित्र करतात त्या वेळी घंटी वाजायच्या आधीच तिचं बोट ओठांवर जातं आणि ती आजीकडे बघून मान हलवते, की आता गप्प हं. कुणी शिकवलं नाही तिला हे, बघून बघून आलंय. फादरनी कुठल्या रंगाचा झगा घातलाय ते पण ती आधी ओळखते, नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा आला की मोठ्याने सांगते, आणि त्याने कुणाची भक्ती मोडली असेल असं मला तरी वाटत नाही.

पुढे बसवलं म्हणून रडणार नाहीत असं मी अजिबात म्हणत नाहीये. रडतील. तान्हं बाळ भुकेने, झोपेने, उकाड्याने रडतंच, आणि मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर कौलाखाली, पत्र्याखाली जो घाम निघतो त्यात तर मोठ्यांनाच रडावंसं वाटतं. पण पुढून उठून बाजूच्या दाराने दोन मिनिटं बाहेर जायचं आणि शांत झालं की परत आत यायचं, हे जमतं. परत आत येणं महत्त्वाचं आहे. आईने बाहेर जाऊ नये असं नाही, तिला परत यायला लाज वाटू नये असं आपण वागायचंय.

आता जरा बाप्तिस्म्याकडे बघू, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच टोचतं. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये आपण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, मोठं होऊन समजेपर्यंत थांबत नाही. दाराशी फादर बाळाचं नाव विचारतात, समाजाच्या वतीने त्याचं आनंदाने स्वागत करतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग आईवडील करतात, धर्ममातापिता करतात. पांढरं वस्त्र घालतात, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून त्याची मेणबत्ती पेटवतात. सगळं चर्च कौतुकाने बघतं, बाळ डोक्यावर पाणी पडल्यावर किंचाळलं तर सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. त्या दिवशी ते बाळ या चर्चचं पूर्ण सभासद झालं, अर्धं नाही. मग पुढच्याच रविवारी तेच बाळ तसंच किंचाळलं तर भुवया वर का जातात? त्या दिवशीचं स्वागत फक्त फादरनी केलं नव्हतं, आपल्या सगळ्यांच्या वतीने केलं होतं.

बायबलमधलं सगळ्यांना पाठ आहे, लोक मुलांना येशूकडे घेऊन आले, शिष्य त्यांना दटावायला लागले आणि येशू शिष्यांवरच रागावला. लूकच्या शुभवर्तमानात तर ती तान्ही बाळं होती. पण मला त्याहून जास्त आठवतो तो मत्तयचा एकविसावा अध्याय. येशू यरुशलेममध्ये येतो, लोक झाडांच्या फांद्या पसरतात, मग तो मंदिरात जातो, आणि मंदिरात मुलं होसान्ना होसान्ना ओरडत असतात. मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना ते आवडत नाही, ते येशूला विचारतात, ऐकतोयस ना ही काय म्हणतायत ते? आणि येशू त्यांना स्तोत्र ऐकवतो, की बाळांच्या आणि तान्ह्यांच्या मुखातून देवाने स्तुती घडवलीय. म्हणजे मंदिरात मुलांच्या आवाजाची तक्रार झाली होती, आणि त्या तक्रारीवर येशूचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. झावळ्यांच्या रविवारी आपणच आपल्या वाडीतल्या माडाच्या झावळ्या मुलांच्या हातात देतो, मिरवणुकीत त्यांना पुढे ठेवतो, दारापर्यंत गात आणतो आणि आत शिरल्या शिरल्या शू शू सुरू करतो.

अजून एक, शिमोन आणि हन्ना. मरिया आणि योसेफ चाळीस दिवसांचं बाळ मंदिरात घेऊन येतात, २ फेब्रुवारीला आपण तो सण करतो, मेणबत्त्या आशीर्वादित करतो. तिथे त्या बाळाला ओळखतात कोण, तर दोन म्हातारी माणसं. शिमोन बाळाला हातात घेतो आणि देवाचे आभार मानतो. हन्ना, ८४ वर्षांची विधवा, मंदिर कधी सोडत नसे, ती पण पुढे येते आणि सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगत सुटते. मला वाटतं आपल्या चर्चमधल्या आजी-आजोबांसाठी हे वाचन दर महिन्याला लावावं. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे आजी मंडळी बाळांवर सहसा चिडत नाहीत, चिडतात ते पन्नाशी-साठीतले, ज्यांची स्वतःची मुलं आत्ताच मोठी होऊन मालाडला नाहीतर दुबईला गेलीयत.

पोप फ्रान्सिस या बाबतीत फार स्पष्ट होते. दर जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये ते बाळांना बाप्तिस्मा द्यायचे, आणि बाळं रडायला लागली की आयांना सांगायचे की भूक लागली असेल तर इथेच पाजा, लाजू नका. सिस्टिन चॅपलमध्ये, मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली. डिसेंबर २०१४ मध्ये रोममधल्या एका पॅरिशमध्ये ते म्हणाले होते की चर्चमध्ये बाळ रडलं की लोक त्याला बाहेर न्यायला सांगतात हे मला आवडत नाही, बाळाचं रडणं हेच उत्तम प्रवचन आहे, त्यांना कधीही हाकलू नका. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्या बुधवारच्या भेटीच्या कार्यक्रमात एक अर्जेंटिनाचा मुलगा, बोलता न येणारा, थेट स्टेजवर चढला, पहाऱ्यावरच्या स्विस गार्डचा हात ओढायला लागला, आई घाबरून मागे धावली, तर पोपनी सांगितलं, राहू दे त्याला, खेळू दे. वर म्हणाले की हा मुलगा मोकळा आहे, देवासमोर आपण असे मोकळे आहोत का. ज्यांच्या घरी ऑटिझम असलेलं किंवा दुसरं कुठलं विशेष मूल आहे ते घरचे तर चर्चमध्ये येणंच सोडतात, कारण पाच वर्षांनी सुटेल असा हा प्रश्न नसतो, आठ वर्षांचा मुलगा पण मध्येच ओरडू शकतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला लोक अजिबात माफ करत नाहीत. बोर्ड लावायचा विषय निघाला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आधी ती घरं आली.

मीटिंगमध्ये एकाने मुद्दा काढला की सात वर्षांखालच्या मुलांवर रविवारच्या मिस्साचं बंधनच नाहीये, मग आणताच कशाला. बरोबर आहे, चर्चच्या कायद्यानुसार ते बंधन सात वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं. तान्ह्या बाळाची काळजी घेणाऱ्या आईला मिस्सा चुकली तरी पाप नाही, हे पण कॅटेकिझममध्ये, चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, आहे. पण ही सूट त्या आईच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून दिलेली आहे, तिला घरी बसवायला आपल्या हातात दिलेली नाही. आणि चर्चचा इतिहास बघितला तर उलट मुलांना जवळ आणायचाच आहे. आधी बऱ्याच ठिकाणी मुलांना पहिलं कम्युनियन दहा-बारा वर्षांचं, कधी त्याहून मोठं झाल्यावर मिळायचं, १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते साधारण सात वर्षांवर आणलं. १९७३ मध्ये रोमने मुलांच्या मिस्साबद्दल मार्गदर्शिका काढली, त्यात स्पष्ट सांगितलंय की मोठ्यांच्या मिस्साला मुलं असली तर त्यांना आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटता कामा नये, सुरुवातीला किंवा प्रवचनात त्यांच्याशी थेट दोन शब्द बोलावेत. त्याच मार्गदर्शिकेत असंही आहे की अगदीच लहान बाळांना वेगळ्या जागी कुणी सांभाळत असेल तर शेवटी आत आणून सगळ्यांबरोबर आशीर्वाद द्यावा. म्हणजे वेगळी खोली चालतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यात सांभाळायला माणसं आहेत, आणि शेवटी आत आणणं आहे. आपण जे म्हणतोय त्यात दोन्ही नाही, नुसता व्हरांडा आहे.

काचेच्या खोलीचं पण काही जणांच्या डोक्यात आहे, मुंबईत कुठेतरी बघून आलेत. बाळाला पाजायला, बदलायला, झोपवायला अशी एक खोली असावी, पंखा आणि स्वच्छ बाथरूम जवळ असावं, याला माझा पाठिंबाच आहे, आणि ते काचेच्या आधी व्हायला हवं. आमच्याकडे बाळाचं लंगोट बदलायला आया आजही सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, मागे जिन्याच्या पायरीवर बसतात. पण तिथेच बसून मिस्सा बघा असं केलं की झालं, मग ती मुलांची जागा ठरली, आणि जी आई पुढे बसेल तिला लोक सांगणार, ताई खोली आहे ना.

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं सांगते, तिला विचारून लिहितेय. मोठा मुलगा करोनाच्या आधी झालेला, मार्च २०२० मध्ये चर्चं बंद झाली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. ज्या वयात चर्चची सवय लागते त्या वयात त्याने मिस्सा मोबाईलवर बघितली, सोफ्यावर, हातात दुधाची बाटली घेऊन. चर्च उघडल्यावर त्याला नेलं तर तो घाबरला, एवढी माणसं, एवढा आवाज. मग दुसरी मुलगी झाली. दोघांना घेऊन ती व्हरांड्यात उभी राहायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, मी मिस्साला जाते पण माझी मिस्सा होत नाही, त्यापेक्षा घरी मोबाईलवर बघितली तर निदान प्रवचन तरी कानावर पडेल. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं हो. कुणी काहीच म्हणालं नव्हतं, तीच तर अडचण होती. कुणी ये पण म्हणालं नव्हतं. मग एका आंटीने, ज्या कायम पहिल्या बाकावर बसतात, बाहेर येऊन तिच्या हातातली मुलगी घेतली आणि सरळ पुढे जाऊन बसल्या, मागोमाग तिला जावंच लागलं. आंटींनी ओटीतून काय काढलं, तर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. केळीच्या सोपटात बांधलेली, वसईजवळच्या आगाशीकडे मिळते तशी. त्यातली एक घेऊन बोटभर तुकडा केला, परत त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि मोठ्या मुलाला एकेक देत राहिल्या. सुकेळी चिवट, चघळायला वेळ लागतो, हाताला थोडी चिकटते पण चुरा पडत नाही आणि कागद वाजत नाही. वाचनं झाली, प्रवचन झालं, श्रद्धावंतांच्या प्रार्थना झाल्या तरी त्याचं एक केळं संपलं नव्हतं. वेफरच्या पाकिटापेक्षा हजारपट चांगलं, पाकीट उघडायच्या आवाजाने गायकवृंदापर्यंत कळतं कोण काय खातंय.

तर अशा बारीक गोष्टी आहेत ज्या बोर्डापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पी पी वाजणारे बूट आणि घुंगरांचे पैंजण रविवारी घरी ठेवा, आईवडिलांना हे कुणीतरी प्रेमाने सांगावं. एखादं कापडी पुस्तक, मऊ खेळणं चालेल, मोबाईल नको, कारण कार्टून सुरू झालं की त्या मुलाच्या मागची तीन मुलं पण तिकडेच बघतात. काय चाललंय ते कानात हळू सांगत राहा, आता फादर पाव वर उचलतील बघ, आता आपण सगळ्यांना नमस्कार करायचा. शांतीचं अभिवादन तर मुलांचा लाडका भाग, दोन्ही हात जोडून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, परत पुढे, सगळ्यांना करतात आणि कुणी सुटलं तर त्याच्याजवळ जाऊन करतात. कम्युनियनच्या रांगेत मुलांना बरोबर घ्या, आमचे फादर प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस करतात, कडेवरच्या बाळाच्या पण, आणि ती मुलं त्यासाठी वाट बघतात.

स्पीकरचं पण बघायला हवं. आमच्या जुन्या चर्चमध्ये भिंती जाड, छत उंच, आवाज आधीच घुमतो आणि त्यात मागच्या कोपऱ्यातला स्पीकर पूर्ण मोठा केलेला, त्याच्या बरोबर खाली बाळवाल्या आया. माइक कुई करून वाजला की झोपलेलं बाळ दचकून उठणारच. अर्धी रडारड तिथेच सुरू होते असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

आणि ज्यांना खरंच त्रास होतो त्यांचं काय, तर त्यांचा त्रास खोटा नाहीये. आमच्या आळीतले एक अंकल कानाला मशीन लावतात, त्यांना प्रवचन ऐकू येत नाही पण बाळाची किंकाळी मशीनमधून थेट मेंदूत जाते असं ते म्हणतात, आणि मशीन जवळचे तीक्ष्ण आवाज मोठे करतंच. त्यांना नुसतं सहन करा असं सांगणं बरोबर नाही. बाळं डावीकडे पुढे बसणार असतील तर अशा लोकांना उजवीकडे, मधल्या भागात, स्पीकर नीट ऐकू येईल अशी जागा ठरवून द्यावी. दोघांची सोय एकाच चर्चमध्ये होते, जागा भरपूर आहे, नुसती मागे गर्दी करतो आपण. सकाळची पहिली मिस्सा शांत असतेच, वाडीत नाहीतर बाजारात जाणाऱ्या बायका तेव्हा उरकून जातात, ज्यांना पूर्ण शांतता हवी त्यांनी ती धरावी. पण बाळांना मात्र अमुकच मिस्साला या असं सांगू नये, ज्या घरात मासळी किंवा भाजी लवकर बाजारात पोचवायची असते तिथे बाळाला पण पहिल्याच मिस्साला आणावं लागतं.

फादर लोकांना एक विनंती. मूल रडलं की प्रवचन थांबवून त्या दिशेला बघत उभं राहू नका. तुम्ही कदाचित सहज थांबता, पण त्या आईला वाटतं सगळं चर्च तिच्यामुळे थांबलं. त्यापेक्षा माइकवरून एकच वाक्य बोला, असू दे, आपलंच आहे. मी हे एका पाहुण्या फादरांच्या तोंडून ऐकलंय, एवढं म्हणून ते पुढे बोलत राहिले, आणि मागे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मिस्सा झाल्यावर ती आई स्वतः त्यांना भेटायला गेली.

आणि बापलोक. हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. व्हरांड्यात बाळ घेऊन उभ्या आया असतात आणि अंगणात आंब्याखाली हात मागे बांधून उभे बाप असतात, प्रवचन संपेपर्यंत तिथेच, कुणाच्या जागेचा सौदा, कुणाची नवी गाडी. बाळ रडलं तर बाहेर न्यायचं काम आईचं, हे कुठल्या वचनात लिहिलंय? बाप्तिस्म्याला फादरनी दोघांना विचारलं होतं, या बाळाला श्रद्धेत वाढवाल का, आणि दोघांनी मोठ्याने हो म्हटलं होतं. तेव्हा आत या, पुढे बसा, बाळ तुमच्या मांडीवर घ्या आणि रडलं तर तुम्ही उठा. तिला एक रविवार शुभवर्तमानापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसून राहू द्या.

कौन्सिलची पुढची मीटिंग महिन्याअखेर आहे. बोर्डाला माझा विरोध लेखी देणार आहे, आणि त्याच्याबरोबर डावीकडचे पहिले दोन बाक, जिन्याच्या जागी बाळ बदलायला टेबल, कोपऱ्यातला स्पीकर वळवणं, आणि बाळवाल्या घरांना दारात थांबून पुढपर्यंत घेऊन जाणारी चार माणसं, एवढं मागणार आहे. चारपैकी एक मी, पण मला गायकवृंदात पहिल्या गाण्याच्या आधी जागेवर असावं लागतं, त्यामुळे आमच्या पॅरिशमधलं कुणी हे वाचत असेल आणि रविवारी थोडं लवकर येऊ शकत असेल तर मला फोन करा.